अर्थिंग

४ मार्च १९९६, सोमवार

पॅनिक! आज परत. बूट फ्लॉपी घेतली, टेप फिरायला लागली, अर्ध्यावर स्क्रीन काळा आणि वर तो एकच शब्द. कॉम्प्युटरमधलं युनिक्स घाबरलं की असं लिहून मोकळं होतं. मी आतल्या आत शिव्या घालते.

बत्राजींचा हा फरीदाबादचा कारखाना म्हणजे पत्र्याचे प्रेस, दिवसभर धाडधाड, जमीन हादरते. वर केबिनमध्ये कॉम्प्युटरचं नवं मशीन, खाली शेडमध्ये कामगारांच्या हजेरीसाठी दोन टर्मिनलं. आमच्या दिल्लीतल्या नेहरू प्लेसच्या ऑफिसातून दोघं आलोय – मी आणि सुगत गजभिये. वर्ध्याचा आहे, माझ्याहून ज्युनियर. नुसतं लतिका म्हण म्हटलं तरी 'ताई'च म्हणतो.

पोहोचलो तेव्हा बत्राजी प्यूनच्या कानाखाली वाजवत होते. चहा सांडला म्हणून. मग आमच्याकडे वळून गोड हसले, "आइये मॅडमजी, बैठिये."

७ मार्च

पॅनिकचं कारण सापडलं! मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून बघितल्या. तिसरी नासकी निघाली. ती बदलली, तर टर्मिनलं जोडायचं आठ पोर्टचं कार्ड आणि नेटवर्कचं कार्ड एकाच इंटरप्टसाठी भांडायला लागली. सुगतने कार्डावरचा जंपर हलवला – आणि लॉगिन आलं! आम्ही दोघं लहान पोरांसारखे ओरडलो.

शेडमधली केबल जोडली. फट्! जळका वास, धूर. आठ पोर्टचं कार्ड खलास.

११ मार्च

मी ऑफिसात होते, सुगतने एकट्याने नवं कार्ड बसवलं. तेही गेलं.

संध्याकाळी मी पोहोचले तर बत्राजींनी ते जळकं कार्ड माझ्या तोंडावर फेकून मारलं. त्याचा कोपरा भुवईत घुसला. "ये नया कार्ड था? हां? ये नया था?" भुवईतलं रक्त माझ्या डोळ्यात ओघळलं तरी माणूस ओरडतोच आहे. टेबलावरचा मॉनिटर उचलून त्याच्या टकलात घालावा असं मनात आलं. खरंच आलं. हात मॉनिटरपर्यंत गेलाही होता. सुगतने मला ओढत बाहेर नेलं.

१२ मार्च

गिरिजा (माझ्या फ्लॅटमधली, बँकेत आहे) म्हणते, "सोड ना यार ही नोकरी." सोडते कशाला! आधी ते कार्ड का जळतं ते बघते.

१५ मार्च

लिहिताना अजून संताप होतोय.

तिसरं कार्ड मी स्वतः बसवलं. केबल जोडायला शेडमध्ये गेले, सुगत वर केबिनमध्ये थांबला. मी इकडून जोडली आणि वर परत फट्, मग आरडाओरडा. धावत गेले तर गार्डने सुगतचे हात मागे धरलेले आणि बत्राजी त्याला प्रेसच्या पट्ट्याने मारतायत. रबरी जाड पट्टा. तोंडावर, मानेवर, जिथे लागेल तिथे. "चोर! नया माल बाजार में बेचता है, जला हुआ लगाता है!"

सुगत ओरडत नव्हता. प्रत्येक फटक्याला नुसता "नही सर, नही सर" म्हणत होता. मध्येच बत्राजी थांबले, धापा टाकत म्हणाले, "पूरा नाम बता." त्याने सांगितलं. गार्ड हसला. मग परत पट्टा. इतके दिवस मी तिथे जातेय, मला पूर्ण नाव कोणी विचारलेलं नाही.

मी मध्ये पडले. गार्डने माझा हात पिरगळला, मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात त्याचं रक्त आलं. बरं वाटलं!

पोलीस आले आणि सुगतलाच घेऊन गेले. आमच्या साहेबांना फोन केला तर म्हणे, "कस्टमर है लतिका, संभाल लो." फोनच फोडायचा बाकी ठेवला.

१६ मार्च

चौकीत भेटले. सुगतचा एक डोळा पूर्ण बंद, डावा हात सुजून भाकरीएवढा. म्हणतो, "ताई, घरी नका सांगू. बाबा धावत येतील, त्यांना बीपी आहे." मी त्याच्यासमोर रडले नाही. बाहेर येऊन भिंतीला लाथा घातल्या.

बत्राजींना विचारलं, काय पाहिजे? तर शांतपणे म्हणाले, "मशीन चला दो, लडका ले जाओ. नहीं तो केस." एवढंच. म्हणजे ते कार्ड जळायचं थांबलं नाही तर सुगत आयुष्यभर चोर.

१८ मार्च

सापडलं!!

मीटर घेऊन गेले. केबिनमधल्या मशीनचा पत्रा आणि शेडमधल्या टर्मिनलचा पत्रा – दोन्हींत एकशे दहा व्होल्ट. शून्य असायला हवेत! केबल जोडली की तो सगळा करंट कार्डातून वाहतो, कार्ड जळणार नाही तर काय. मग शेडच्या अर्थिंगची तार धरून मागे मागे गेले. मीटरबोर्डाच्या पाठीमागे वीज परत जायची तार, न्यूट्रल, कापलेली. सगळे प्रेस अर्थिंगवर चालवलेत. सरकारी मीटर हळू फिरावं म्हणून! हा माणूस वीज चोरतो, आणि पट्टा सुगतच्या पाठीत. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच केबिनमध्ये शिरले आणि तोंडावर सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. माझी हनुवटी दोन बोटांत धरली, घट्ट, दात दुखेपर्यंत. "मॅडमजी, आपको मशीन चलाने बुलाया है, मीटर पढने नहीं. लडका अभी अंदर है ना?" वर म्हणतात, अर्थिंगला कोणी हात लावणार नाही, "हम पे विश्वास रखो."

विश्वास तर पानिपतात गेला, बत्राजी.

१९ मार्च

चालू झालं.

पक्कड घेतली आणि मशीनच्या प्लगची वरची जाड पिन, अर्थिंगची, मोडून टाकली. आता केबिनमधलं अर्थिंग सुटलं, करंटला कार्डातून जायला वाट राहिली नाही. नवं कार्ड घातलं, केबल जोडली. जळलं नाही. दोन्ही टर्मिनलांवर लॉगिन. बत्राजींनी स्वतः टाळ्या वाजवल्या.

पण शेडचा करंट केबलमधून आता मशीनच्या पत्र्यावर येऊन बसलाय. पत्रा आणि खिडकीचे गज – मीटर लावून बघितलं – एकशे दहा. एक हात मशीनवर, एक हात गजाला, की संपलं. खाली रबरी मॅट टाकायला हवी, मशीनभोवती लाकडी खोका करायला हवा, सगळ्यांना बजावायला हवं. हे इंजिनियर म्हणून माझं काम आहे, मला ठाऊक आहे.

"सब ठीक?" त्यांनी विचारलं.

"बिल्कुल," मी म्हणाले.

त्या मशीनला त्यांच्याशिवाय कोणी हात लावत नाही. पासवर्ड त्यांनी कागदावरसुद्धा लिहू दिला नाही, केबिनची किल्ली कमरेला. आणि सवय कशी, तर दर थोड्या वेळाने खिडकीच्या गजाला धरून खाली शेडमध्ये कामगारांना शिव्या द्यायच्या. मी पाहिलंय. पासवर्ड त्यांच्या कानात सांगितला आणि हसून निघाले.

सुगतला सोडलं. बदरपूरपर्यंत बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होता. त्याला मी काही सांगितलं नाही.

२० मार्च

मरू दे त्याला. लिहिलं. खोडणार नाही.

२१ मार्च

फरीदाबादहून काहीच खबर नाही. फोन वाजला की सगळ्यांच्या आधी मी उचलते. भीती म्हणावी तर ती नाही. मी वाट बघतेय, आणि मला त्याची लाजही वाटत नाही.

दुपारी सुगतच्या खोलीवर डबा घेऊन गेले. त्याला म्हटलं, फरीदाबादचं नाव काढायचं नाही परत. तर म्हणे, "ऑफिसात तरी कुठं जाऊ ताई? साहेबांनी काढलं ना मला. चौकीत बसलेला माणूस कोण ठेवते?" हसायला गेला आणि ओठ परत फाटला. बाबांना काय सांगायचं हेच त्याला कळत नाहीये.

साहेबांच्या घरी जाऊन त्यांच्या दारावर दगड मारून आले. काच फुटली. पळाले!

२२ मार्च

टँकर आला म्हणून पाण्याला खाली गेले होते. वर आले तर गिरिजा हसतेय. "सुगतचा फोन येऊन गेला, किती खूश होता! त्या बत्राने माफी मागितली म्हणे. मशीन छान चाललंय म्हणजे पोरगा चोर नव्हता, हे पटलं त्याला. तिथेच नोकरी दिलीय, मशीन सांभाळायची. आज सकाळपासूनच. ताईंना सांगा म्हणाला, शेठनी स्वतःच्या खुर्चीवर बसवलं."

गिरिजाला फरीदाबादला जायला स्कूटर-रिक्षा बघायला पिटाळलंय. मी बत्राजींच्या केबिनचा नंबर फिरवून रिसीव्हर कानाला लावून बसलेय. तिकडे घंटा वाजतेय. कोणी उचलत नाही.