सवाष्ण म्हणून पोचवलेली नलूताई

प्रिय नलूताई,

तू गेल्यावर तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण काल वॉर्ड ऑफिसने आपल्या गटाला शनिवारसाठी एक खोली आणि मार खाणाऱ्या बायकांनी मदत मागायला एक फोन दिला. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मोरितासान म्हणाल्या, "आता अनघासाननी पुढे व्हायचं, फोन त्यांनीच घ्यायचा." मी मान डोलावली. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही. तुला सांगितल्याशिवाय मी त्या फोनला हात कसा लावू?

आठवतं, आपण पहिल्यांदा कुठे भेटलो? ओजिमाच्या भाजीवाल्यापाशी. माझ्या हाताला प्लॅस्टर होतं. तू मराठी ऐकून जवळ आलीस, काय झालं विचारलंस. सायकलवरून पडले, म्हणाले मी. तू माझी ओढणी बोटाने जराशी बाजूला केलीस.

"सायकलवरून पडलेल्या बाईच्या गळ्यावर बोटं उमटत नाहीत गं."

मी तिथेच, कोबीच्या ढिगासमोर रडले. "तुम्ही कोणाला सांगू नका हो," म्हणाले. तर तू म्हणालीस, "आधी ते अहोजाहो बंद कर. मीपण मार खाल्लेली आहे, माझा कसला मान ठेवतेस!"

माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर होता, पासपोर्ट त्याच्या कपाटात. तो कसा काढायचा, कोणाकडे ठेवायचा, इमिग्रेशनच्या खिडकीवर काय बोलायचं, सगळं तू शिकवलंस. स्वतःचं जपानी इतकं मोडकं, तरी माझ्यासाठी त्या कारकुनाशी भांडलीस! नंतर मोरितासानच्या स्वयंपाकघरात आपण पाचजणी बसायला लागलो. मोरितासानचाही एक कान कायमचा गेलेला, नवऱ्याच्या हाताने. तू एकच नियम घातला होतास. कोण कुठे राहते, कुठे काम करते, हे कोणालाही सांगायचं नाही. सख्ख्या आईलासुद्धा नाही.

मग मला का सांगितलंस गं? बेंतोचे, तयार जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात लागलेय, चारला सुटते, असं हसत हसत का सांगितलंस? माझ्यावर एवढा कसला विश्वास होता तुझा?

तू त्याचं घर सोडून लपून राहत होतीस, तेव्हा एका दुपारी सुधीर आला. तुझा नवरा दारात उभा पाहून मी दार लावायला गेले. पण तो हात जोडून उभा होता. "वहिनी, तिच्या आईचं पत्र आलंय. तिच्या हातात देतो आणि जातो." मी त्याला आत घेतलं, चहा दिला. तो रडला, ताई. नाक पुसत, लहान पोरासारखा रडला. "माझं चुकलं. मला तिचे पाय धरू द्या."

आता खरं सांगते, म्हणजे तुला तरी कळेल की मी भोळी नव्हते. त्याला रडताना बघून मला तुझा हेवा वाटला. माझा नवरा माझ्यासाठी एकदासुद्धा असा रडला नव्हता. मला वाटलं, नलूताईचं नशीब माझ्यापेक्षा बरं, आणि ही उगाच ताणून धरतेय. असं वाटलं मला! तुझ्याबद्दल! मी कारखान्याचं नाव सांगितलं. सुटायची वेळही सांगितली.

त्याने तुला स्टेशनच्या जिन्यावर गाठलं. हॉस्पिटलमध्ये तीन दिवस तू शुद्धीवर आली नाहीस. आम्हाला आत सोडलं नाही, आम्ही नातेवाईक नव्हतो. तो होता, म्हणून तू जाईपर्यंत तोच उशाशी बसला. त्याने पोलिसांना सांगितलं की पाय घसरला. मोरितासान चौकीत जाऊन ओरडल्या, आधीचा मार सांगितला. समोरचा माणूस नम्रपणे वाकला आणि म्हणाला, नवरा-बायकोच्या भांडणात आम्ही पडत नाही. या देशात त्यासाठीचा कायदा नुसता कागदावरच आहे, ताई. त्यापुढे कोणी काही विचारलंच नाही.

नंतरचं तुला कोण सांगणार? मीच सांगते. निशी-कसाईच्या वस्तीतल्या आपल्या मराठी बायका आल्या. तुला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, ओटी भरली. तुझ्या कपाळावरची खोक कुंकवाने झाकली. त्यांच्यातल्या कुलकर्णीकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "भाग्यवान हो, सवाष्ण गेली." आणि मी ओटीचं ताट धरून उभी होते.

इथल्या रीतीप्रमाणे दहनानंतर जवळच्या माणसांनी चॉपस्टिक्सनी अस्थी वेचायच्या असतात. पहिलं हाड त्याने उचललं.

वर्षाच्या आत त्याने पुण्यात दुसरं लग्न केलं. इथल्या तीन घरांत पत्रिका आली.

गटातल्या सगळ्यांना वाटतं, त्याने तुझ्या पाळतीवर राहून तुला शोधलं. मोरितासान मला जवळ घेऊन म्हणतात, तू तर तिच्या पाठची बहीण. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवते. दोन वर्षं ठेवतेय! नव्या बायका येतात, मी त्यांना तुझा नियम सांगते, आणि त्या माझ्याकडे देवाकडे बघावं तशा बघतात. चीड नाही येत तुला?

कधी कधी मला तुझाच राग येतो. एवढी शहाणी तू, मग माणूस ओळखायला नेमकी माझ्यापाशी कशी चुकलीस?

त्या फोनवर नवरेही येतील. रडतील, आईची पत्रं वाचून दाखवतील. उचलणारी बाई कोण आहे, हे बाकीच्यांना ठाऊक असायला हवं.

म्हणून वचन देते. या शनिवारी, नवीन खोलीत, सगळ्या बसल्या की मी आधी हेच सांगणार. चहा दिला, हेवा वाटला, वेळ सांगितली, काहीही गाळणार नाही. मोरितासानच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसेन, म्हणजे त्यांना परत विचारावं लागणार नाही. मग त्यांनी मला ठेवावं की हाकलावं, ते त्यांनी ठरवावं. माफी मागत नाही. तू ती देऊन टाकली असतीस, आणि ते मला नको आहे.

तुझी,
तुझा पत्ता देणारी,
अनघा