कानशिलाचं दुखणं

आबा,

गेल्या आठ महिन्यांत माझा चेहरा असा काही फुगलाय की तुम्ही दारात येऊन उभे राहिलात, तर मलाच विचाराल, "बाई, आमची लेक इथेच राहते ना?" दुकानात येणाऱ्या बायका म्हणतात, तब्येत सुधारली हं. मी हसते. सुधारली कुठली, ही गोळ्यांची करामत आहे. निम्म्या जळगावच्या बायकांची मापं घेण्यात माझा जन्म गेला, आणि आता स्वतःचं माप घेताना टेप दोनदा बघावी लागते. पोट आणि गाल वाढले, दंड मात्र वाळले. मानेमागे चरबीचा उंचवटा आलाय, त्यामुळे ब्लाउजचा मागचा गळा वर उचलला जातो. शिवणीत सोडलेली सगळी माया उसवून झाली, तेव्हा सरळ नवीन कापड आणलं. एकसष्टाव्या वर्षी स्वतःचं कटिंग पहिल्यापासून शिकतेय म्हणा ना.

सुरुवात अगदी साधी झाली. केस विंचरताना डोक्याची कातडी दुखायची. चष्म्याची दांडी कानशिलाला लागली तरी जीव जायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मला किती आवडते ते तुम्हाला माहीत आहे, पण चार घास खाल्ले की जबडा थकून जायचा आणि थोडं थांबावं लागायचं. मी दातांच्या डॉक्टरकडे गेले, शहाणीच मी! त्यांना दातात काही सापडलं नाही. त्यांनी पुढे पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी कानशिलं दाबून पाहिली, रक्त तपासलं, कानशिलातल्या रक्तवाहिनीचा एवढासा तुकडा काढून तपासायला दिला. म्हणाल्या, या रक्तवाहिन्यांना आतून सूज आलीय, डोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिनीपर्यंत ती पोचली तर नजर जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. सुईत दोरा ओवून पोट भरणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त काही सांगावं लागत नाही. त्याच दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी मी न कळवळता वेणी घातली आणि आरशासमोर रडले, आनंदाने.

मग गोळ्यांनी आपले रंग दाखवले. भूक तर अशी, की जेवून उठले की पुन्हा डब्यांची झाकणं उघडून बघायची. साखर वाढली. हात थरथरायला लागले आणि काजं करायचं काम शेजारच्या मुलीला द्यावं लागलं. टेबलाचा कोपरा नुसता लागला तरी हातावर जांभळे डाग. सतरंजीवर कापड पसरून बेतायला बसायचं सुख गेलं, कारण मांड्यांत उठण्याची ताकदच उरली नाही. झोप अर्धी झाली आणि जिभेला धार आली. एका गिऱ्हाइकाने तिसऱ्यांदा बाही बदलायला सांगितली, तेव्हा मी तिला म्हटलं, "बाही नको, टेलर बदला." ती गेली ती गेलीच. पापड आणि लोणची मी स्वतःहून बंद केली, आणि तुमच्या पोटी जन्मून पापड सोडणं ही काही लहान गोष्ट नाही.

डॉक्टरबाईंनी तारखा घालून एक कागद दिला होता. या तारखेपासून इतकी गोळी, त्या तारखेपासून इतकी, असं हळूहळू कमी करत जायचं. एकदम थांबवायची नाही, मनाने कमी करायची नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. पण लग्नसराईत सगळी कामं पुढे ओढून उरकायची मला चाळीस वर्षांची सवय. वैशाखात धुळ्याला भावाच्या मुलाचं लग्न. आत्या म्हणून पहिली हळद लावायचा मान माझा, फोटोत सगळ्यात पुढे मी, आणि तोंड हे असं. मी कागदातल्या मधल्या दोन ओळी गाळल्या आणि सरळ खालच्या ओळीवर गेले. कुणाला सांगितलं नाही. आठवड्यात गाल थोडे उतरल्यासारखे वाटले, मी खूश. कानशील पुन्हा ठणकायला लागलं, तर त्याला मी ऊन लागलं असं नाव दिलं.

हळदीच्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत नवरदेवाच्या मुंडावळ्यांचा सुटलेला टाका घालत बसलेय. सुई दिसतेय, दोरा दिसतोय, आणि डाव्या डोळ्यापुढे खालून राखाडी पडदा वर सरकतो. उजवा डोळा झाकून पाहिला, तर समोरची भिंतसुद्धा नाही. मी ओरडले नाही, सुई उशीत नीट टोचून ठेवली. भाऊ कशासाठी तरी आत आला आणि माझ्याकडे बघून थबकला.

"अक्का, काय व्हयनं?"

"डावा डोयाले काहीच दिसत नही, भाऊ." आणि मग गोळ्यांचंही सांगून टाकलं.

तो रागावला नाही. त्याने डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, कमी केलेल्या गोळ्या आत्ता पोटात जाऊ द्या आणि निघा. त्याने पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

"चाल, गाडीमा बस."

"पोरनी हयद टाकीसन? बठ्ठा पाव्हना बठेल शेतस." मांडवात सगळे पाहुणे हळदीसाठी खोळंबले होते.

"हयद कोनीबी लाई. डोया गया ते परत भेटाव नही."

मांडवातून बाप निघाला म्हणून केवढी कुजबुज झाली असेल. धुळे ते जळगाव त्याने गाडी कुठे थांबवली नाही. वाटेतच पडदा हळूहळू खाली गेला. तीन दिवस सलाईनमधून औषध चाललं. नजर वाचली, फक्त डाव्या डोळ्याचा खालचा एक कोपरा धूसर राहिला. डॉक्टरबाईंनी मला शाळकरी पोरीसारखं झापलं आणि मी मान खाली घालून ऐकलं. आता मी कागदाप्रमाणे चालते. सकाळी नाश्ता, मग गोळी, दुपारी कॅल्शियम, संध्याकाळी मेहरूणच्या तलावाकाठी हळूहळू फेरी. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं, हा व्यायाम. तोंड फुगलेलंच आहे. असू दे. फोटोत मी नाहीच, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

काल तपासणीला गेले होते, भाऊ सोबत होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात कुणाला असं होतं का? आणि आबा, मला तुमची टोपी आठवली. शेतात, बाजारात, दवाखान्यात, कधी बोडक्या डोक्याने न फिरलेला माणूस म्हातारपणी एका वर्षी सारखी टोपी काढून मांडीवर ठेवायचा. माझ्या सासरच्या माणसांसमोरसुद्धा. मला लाज वाटली आणि मी तुम्हाला बोलले. मग टेप घेऊन तुमच्या डोक्याचं माप घेतलं आणि टोपी अर्धा इंच सैल करून दिली. तुम्ही ती घातलीत, पुन्हा काढलीत. म्हणालात, "टोपी बराबर शे, बेटा. डोकंच दुखस." भाकरीही तेव्हा तुम्ही दुधात कुस्करून खायचात. महिन्याभराने तुमचा उजवा डोळा गेला आणि आम्ही सगळे म्हणालो, वय झालं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, आता कसं सांगणार, पण तेच असू शकतं. भाऊ म्हणाला, आबांनी कधी कुणाला सांगितलंच नाही, सांगितलं असतं तर उचलून नेलं असतं.

तुम्ही मला दोनदा सांगितलं होतंत. "माले एकदाव जयगावले डॉक्टरकडे लई चाल." दुसऱ्यांदा म्हणालात तेव्हा माझ्या मशीनवर एका नवरीचे सात ब्लाउज होते. मी मानसुद्धा वर केली नाही. म्हटलं, लग्नसराई उरकू द्या, मग नेते.

हे भावाला माहीत नाही. काल तो तसं म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, "हो ना."