टोपी पाण्यात पडली तेव्हा

प्रिय आई,

आम्ही तिघं बरे आहोत, हे आधी सांगते. टिलीला वरचे दोन दात आलेत. बाबांचा गुडघा कसा आहे?

इतके दिवस नदीकाठच्या झाडांना बोट बांधून तिच्यावरच राहत आलो, कुठे काही झालं नाही. सोमवारी मरीनात, म्हणजे बोटींच्या तळावर, बोट लावली. धक्क्यावरची वीज बोटीला जोडली. गरम पाण्याची टाकी डॅरलनं स्वतःच दुरुस्त केली. मला वाटलं, आता जरा सुखात राहू.

काल दुपारी टिलीची टोपी उडून पाण्यात पडली. डॅरल शर्ट काढून उडी मारणार, तेवढ्यात शेजारच्या बोटीवरची म्हातारी नोरीन ओरडली, "थांब गाढवा! वीज जोडलेल्या बोटींजवळ पाण्यात उतरतात का?"

तो हसला. "टोपीपायी कोण मरतं, नोरीन?"

"तुझ्यासारखेच मरतात!" म्हणत तिनं आकड्याच्या काठीनं टोपी काढली.

मग मरीनाच्या वायरमननं येऊन तपासलं. टाकी चालू केली की डॅरलनं चुकीच्या जोडलेल्या वायरमुळे आमच्या बोटीतून वीज पाण्यात उतरत होती. टोपी पडली तेव्हा टाकी चालूच होती; डॅरल हातपाय आखडून बुडालाच असता.

आई, काल सकाळीच मी टिलीचे पाय त्याच पाण्यात बुडवले होते. ती खिदळत होती. तेव्हा टाकी बंद होती म्हणून वाचली.

डॅरल म्हणतो, "वायर बदलली, झालं. ये आत." मी टिलीला घेऊन धक्क्यावरच बसलेय. बोटीवर पाय ठेवायला धजत नाही.

हे मिळालं की बाबांना गाडी घेऊन पाठव. त्यांना पाण्याचं सांगू नकोस. नातीची आठवण येते, एवढंच म्हण.

तुम्हा दोघांना टिलीचा पापा.

तुझी केलीन