पिवळ्या छपराला सेवेतून कमी न करण्याबाबत

प्रति,
मा. विमानतळ व्यवस्थापक,
लहान धावपट्टीचा विमानतळ,
तळ्यापलीकडे.

विषय : अर्जदाराच्या घराचे छप्पर हव्या त्या रंगाने रंगवण्याची आपण दिलेली मोकळीक तातडीने काढून घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या आधीच्या साहेबांचे पत्र : 'छपराचा पिवळा रंग कृपया बदलू नये.'
२) आपले गेल्या महिन्याचे पत्र : 'आता बदलला तरी हरकत नाही.'

महोदय,

अर्जदार हा दुकानांच्या पाट्या रंगवून निवृत्त झालेला पेंटर असून विमानतळाजवळच्या टेकाडावर पत्नीसह राहतो. त्याच्या वतीने त्याच्याच हातून सविनय सादर करण्यात येते की :

१. अर्जदाराचे पत्र्याचे छप्पर पिवळे आहे. त्यामागे काहीही विचार नव्हता. शाळेच्या बसगाड्या रंगवून रंग उरला होता, त्यावर साय धरण्याआधी तो संपवावा म्हणून अर्जदार शिडीवर चढला. पुढे वैमानिक मंडळींनी आपसांत ठरवून टाकले की, पिवळे छप्पर आले की डावीकडे वळायचे, म्हणजे धावपट्टी नाकासमोर येते. हे अर्जदाराला कोणी कळवले नाही. सगळी विमाने नेमकी आपल्याच घरावर का वळतात, याबाबत पत्नीचा संशय पुष्कळ दिवस अर्जदाराच्या वागणुकीवर होता.

२. यथावकाश आपल्या आधीचे साहेब स्वतः घरी आले, चहा घेतला, आणि संदर्भ क्र. १ चे पत्र हातात ठेवून म्हणाले, "पेंटरसाहेब, आमच्या दिव्यांपेक्षा तुमचं छप्पर बरं दिसतं. रंग तेवढा बदलू नका." अर्जदाराला तोवर जन्मात कोणी साहेब म्हटले नव्हते. तेव्हापासून दर उन्हाळ्याआधी अर्जदार छपरावर पिवळा हात मारत आला. शेजारची घरे फॅशन येईल तशी गुलाबी झाली, हिरवी झाली, राखाडी झाली. अर्जदाराचे घर अंड्याच्या बलकासारखे होते तसेच राहिले.

३. पत्नीला जांभळा रंग आवडतो. ही बाब तिने लग्नानंतर लगेचच स्पष्ट केली होती. त्यावर अर्जदार सदर पत्र काढून "सरकारी काम आहे, माझा इलाज नाही" असे सांगत असे. हेच पत्र पुढे सासुरवाडीचा मुक्काम आवरता घेणे, माळा साफ करणे टाळणे इत्यादी कामीही उपयोगी पडले. कागद चांगल्या प्रतीचा असल्याने अजून फाटलेला नाही.

४. आता उपग्रह आले. अर्जदाराचा उपग्रहांवर वैयक्तिक राग नाही. आपण बोलावलेल्या सभेत आपल्या इंजिनिअर बाईंनी समजावले ते असे : वरचे उपग्रह विमानाला 'तू अमुक ठिकाणी आहेस' असे सांगतात, पण त्या सांगण्यात थोडी चूक राहते. धावपट्टीशेजारचा नवा खांब जागचा हलत नसल्याने आपण कुठे आहोत हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तो उपग्रहांची चूक पकडतो आणि विमानाला कळवतो. मग ढग असोत की धुके, विमान सुतासारखे सरळ खाली येते. महोदय, एका जागी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चूक सुधारणे हेच काम अर्जदाराचे छप्पर आजवर करत आले. (घरात हा विभाग पत्नीकडे आहे.) खांबाला कुंपण, पहारेकरी आणि उद्घाटनाची फीत मिळाली. छपराला संदर्भ क्र. २ मिळाला.

५. ते पत्र दुर्दैवाने पत्नीने आधी उघडले. तिचा भाऊ रंगाचे दुकान चालवतो आणि त्याच्याकडे न खपलेला जांभळा पडून आहे. तो त्याच दिवशी शिडीसह हजर झाला. "भावोजी, सरकारनंच सोडलं तुम्हाला, तुम्ही कशाला धरून बसलाय?" या त्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडूनच लेखी मिळावे, म्हणून हा अर्ज.

६. विमाने आता तळ्यावरून थेट येतात, घरात पहिल्यांदा आलेल्या जावयासारखी, इकडेतिकडे न बघता. पूर्वी संध्याकाळचे टपालाचे विमान छपरावर वळताना एक पंख कलवत असे. तो वळण्याचाच भाग असतो, असे जाणकार म्हणतात. अर्जदार तरीही कपबशी खाली ठेवून हात हलवत असे. आता चहा मध्ये न थांबता संपतो आणि गोड लागत नाही. परवा शेजारी कुंपणावरून विचारत होता, "काय पेंटर, रिटायर झालात वाटतं?" पाट्यांचे काम सुटले तेव्हा हे कोणी विचारले नव्हते.

७. गेल्या मंगळवारी मेहुण्याने अर्धे छप्पर जांभळे केले असताना टपालाचे विमान अचानक जुन्या वाटेने आले. (आपली नवी यंत्रणा देखभालीसाठी बंद होती, असे मागाहून कळले.) ते पुढे गेले, परत आले आणि टेकाडाभोवती फिरू लागले. पत्नी दोरीवर कपडे वाळत घालत होती. वर बघून ती ओरडली, "अहो, तो वळायची जागा शोधतोय! बघत काय उभे राहिलात?" तिने पाहुण्यांसाठी पेटीत जपलेल्या पिवळ्या चादरी काढल्या आणि अर्जदाराच्या आधी शिडी चढली. जांभळा आवडणाऱ्या बाईने पिवळ्या चादरी केव्हा घेऊन ठेवल्या, हे अर्जदाराला ठाऊक नाही, आणि त्याने विचारलेही नाही. चादरी ओल्या रंगावर पसरण्यात आल्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून मेहुण्याला त्यांवर बसवण्यात आले. "ताई, अगं रंग ओला आहे!" ही त्याची तक्रार फेटाळण्यात आली. विमान डावीकडे वळले. पंख कलला. तो वळण्याचाच भाग असावा. पत्नीने दोन्ही हात हलवले.

८. विमानाला काहीच धोका नव्हता, वैमानिक बाहेर बघून उतरलाच असता, असे आपल्या मनोऱ्यातून सांगण्यात आले. अर्जदाराचे म्हणणे नेमके तेच आहे. इंजिनिअर बाईही सभेत म्हणाल्या होत्या की, सगळे बंद पडले तर वैमानिक खिडकीतून बाहेर बघतो. महोदय, बघायला बाहेर काहीतरी हवे.

तरी विनंती की, संदर्भ क्र. २ रद्द करून छपरास उपग्रहांच्या हाताखाली राखीव म्हणून ठेवून घ्यावे. पगार, कुंपण, पहारेकरी काही नको. 'रंग बदलू नये' एवढेच पुन्हा एकदा लिहून मिळावे. जांभळा भाग पुन्हा पिवळा करण्यात आला असून मेहुण्याची विजार मात्र अद्याप दुरंगी आहे.

नवे पत्र या खेपेस दोघांच्या नावे काढावे, अशी पत्नीची अट आहे. हा अर्ज तिने नुकताच वाचला असून मुद्दा क्र. ३ मधील पत्राचे घरगुती उपयोग तिला फार पसंत पडले आहेत.

आपल्या उत्तराकडे आणि आभाळाकडे आळीपाळीने डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
पेंटर

मजकूर मान्य (माळ्याचा विषय वेगळा बघून घेण्यात येईल) :
अर्जदाराची पत्नी

स्थळ : पिवळे छप्पर (पत्ता एवढा पुरतो)
दिनांक : टपालाच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१. संदर्भ क्र. १ ची नक्कल. (मूळ पत्र आजपासून पत्नीच्या कपाटात आहे.)
२. पत्र्याच्या तुकड्यावर पिवळ्या रंगाचा नमुना.
३. पिवळी चादर, एक, खालून जांभळी. पाहणी झाल्यावर परत करावी. पाहुणे यायचे आहेत.