डब्यावरचा नमुना

मामी,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज लातूरच्या माझ्या क्लासमध्ये एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कार्ड करायला आलो तर आधी हे नमुने कशाला?" मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते पुरतं नव्हतं. पुरतं सांगायचं तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागते.

लग्न होऊन शिरूर अनंतपाळला तुमची सून म्हणून घरी आले, तेव्हा माझ्यासोबत नांदेडहून एक पेटी आली होती. नक्षी कापायचे पंच, शिक्के, नागमोडी कात्र्या, शुभेच्छापत्रं करायचं सगळं साहित्य. तुमच्या बांगड्या-बटणांच्या दुकानात तुम्ही मला एक टेबल दिलंत, पण वर्ष होत आलं तरी माझं काही चालेना. हे सगळं कुणाला तरी देऊन टाकावं आणि तुमच्या हाताखाली निमूट बांगड्या भराव्यात, असं मनात पक्कं होत चाललं होतं. वाईट याचंच वाटायचं, की ते काम गेलं की माझं स्वतःचं म्हणावं असं त्या घरात काही उरणार नव्हतं.

अशात एका सकाळी शाळेतल्या एक बाई येतात. त्यांना निरोपसमारंभाची कार्डं हवीत, वेलीची किनार असलेली. मी एकेक डबा उघडते, पंच कागदावर मारून बघते. हे फूल, ही चांदणी, वेल काही सापडत नाही. बाई घड्याळ बघतात आणि नंतर येते म्हणून निघून जातात. तुम्ही नुकत्याच पूजेवरून उठून गल्ल्यावर बसलेल्या, कपाळावरची विभूती अजून ओली. "गिराईक उभं ठिवून डबे काय उघडायलीस? तुझ्याजवळ काय हाय ते तुलाच ठाऊक न्हाई, तर तिला काय कळावं?" मी आत जाऊन भाकरीचं पीठ मळत रडले. तुम्ही पाहिलंत आणि परत गल्ल्यावर गेलात. समजूत काढणं तुमच्या स्वभावातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून तुम्ही स्वयंपाकघरात आलात, हातात बटणांचा एक पुठ्ठ्याचा डबा. त्याच्या दर्शनी बाजूला आतलंच एक बटण दोऱ्यानं टाचलेलं. तुमच्या दुकानातले सगळे डबे तसेच होते, आणि मी वर्षभर ते रोज पुसत होते. "तुझ्या डब्याला बटण कुठंय?" तुम्ही विचारलंत. मग आपण दोघी खाली बसलो. मी हौसेनं सोनेरी जाड कागद काढला, तर तुम्ही तो बाजूला सारलात. "ह्या कागदाची कार्डं इकणार हायस का?" मी नाही म्हटलं. "मग ज्याची इकणार त्याच्यावर मार." साध्या कार्डशीटवर जाळीचा पंच मारला आणि कागद फाटला. मी तो चुरगाळणार, तेवढ्यात तुम्ही काढून घेतलात, बोटानं सपाट केलात. "हेबी लाव. काय जमत न्हाई तेबी दिसलं पायजे." दिवेलागणीपर्यंत प्रत्येक डब्यावर त्याचं त्याचं पान-फूल चिकटलं होतं, आणि तशाच नमुन्यांचा दुसरा संच आपण भोकं पाडून तुमच्या एका प्लास्टिकच्या बांगडीत ओवला. त्यासाठी तुम्ही बांगडी कापलीत आणि पुन्हा दोऱ्यानं बांधलीत. पुढे त्या बाईंना तुम्हीच रस्त्यावरून हाक मारून बोलावलंत. त्यांनी बांगडीतले नमुने चाळले आणि चहा संपायच्या आत किनार निवडली. ते माझं त्या गावातलं पहिलं काम. आज पंधरा-वीस मुली माझ्याकडे शिकतात, आणि प्रत्येकीला मी आधी फाटलेला नमुनासुद्धा चिकटवायला लावते. माझं जे काही उभं राहिलं ते त्या दुपारमुळे, मामी. हे मी तुम्हाला तोंडानं कधी म्हटलं नाही.

हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जायचं नाही, म्हणून आणखी एक सांगते. त्याच आठवड्यात नांदेडहून माझी मैत्रीण आली होती. तुम्हाला वाटलं, भेटायला आली. भेटायला नव्हती आली ती. पेटी घेऊन जा म्हणून मीच तिला आधी कळवलं होतं. तिनं माझ्या हातातले नमुने पाहिले, पेटीचं नाव काढलं नाही, चहा पिऊन उठली. आणि तुम्ही तिला थांबवून दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या भरल्यात. म्हणालात, "लांबून आलीय लेकरू, मोकळ्या हातानं कसं लावून द्यावं?"