तीनदा नको म्हणायची रीत

यज्द, ५ शहरीवर १३४६ (ऑगस्ट १९६७)

सौ. तूबाताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तू पाठवलेला गझ मिठाईचा डबा पोचला. एवढा खर्च कशाला करते ही पोरगी, असं म्हणत आईनं तो फडताळात ठेवला आणि संध्याकाळपर्यंत निम्मा संपवला.

आता खरी बातमी. मी पास झाले! तिसऱ्या खेपेला का होईना, तुमच्या इस्फहानच्या अध्यापक महाविद्यालयात गणिताला जागा मिळाली. पंचवीस तारखेच्या आत येऊन नाव नोंदवायचं. दहा वर्षं तिसरीच्या पोरींकडून पाढे म्हणवून घेतेय. पाढ्यांच्या पलीकडे गणित असतं हे मीच विसरत चालले होते. हे सुटलं तर मी जन्मभर तिसरीतच राहणार.

पण आईचं काय? बातमी ऐकल्याबरोबर म्हणाली, जा की, मला काय धाड भरलीय, राहीन एकटी. रात्री जेवताना तेच, सकाळी पुन्हा तेच. आता आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. पाहुणा भुकेनं कळवळला तरी त्यानं तीनदा नको म्हणायचं आणि आपण चौथ्यांदा वाढायचं. शेजारीण गालिच्याला छान म्हणाली की घेऊन जा म्हणायचं, आणि तिनं तो न्यायचा नाही. मग आईचं हे 'जा' कुठल्या जातीचं? बाबा गेल्यापासून ती एक रात्रही एकटी राहिलेली नाही. मला वाटतं ओठांवर जा आहे आणि पोटात जाऊ नकोस. तू काय म्हणतेस?

भावजींना सलाम, पोरांना पापे. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी, मनीजे

*

इस्फहान, ११ शहरीवर

चि. मनीजेस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचून मी हातात झारा घेऊनच नाचले. तुझे भावजी म्हणाले, बाईला ऊन लागलं. ये, ये, नक्की ये! आमची मागची खोली रिकामीच पडलीय, तिथे राहा.

आईचं म्हणशील, तर ती बोलते ते तिच्या मनात असतंच असं नाही. माझ्या लग्नात हसत हसत निरोप दिला आणि आठ दिवस अन्नाला शिवली नाही. तेव्हा आधी तिच्या पोटातलं काढून घे, मगच निघ. उगाच घाई करून जन्माची रुखरुख लावून घेऊ नकोस.

थोरलीची आठवण ठेव.
तुझी, तूबा

*

यज्द, १६ शहरीवर

चि. सौ. तूबास,
आईचा दुवा.

मनीजे हमामात गेलीय, तेवढ्यात लिहिते. अक्षर लावून वाच.

मशहदहून इफ्फतमावशीचं वर्षभर टुमणं चाललंय, की आता तू माझ्याजवळ येऊन राहा, दोघी म्हाताऱ्या दर्ग्याच्या सावलीत बसू. मला जायचंय गं. बासष्ट वर्षांत मी स्वतःच्या मनानं कुठं म्हणून गेलेली नाही. मनीजेची इस्फहानची बातमी कळली तेव्हा मला तिच्यापेक्षा जास्त आनंद झाला. तीनदा जा म्हटलं. चौथ्यांदा म्हणावं तर पोरीला वाटेल, आई घालवून देतेय. मशहदचं नाव काढावं तर वाटेल, आपण ओझं झालो. म्हणून गप्प बसते. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे, आणि दोघी पालेभाजी निवडतो. या घराला कुलूप नाही, तरी जीव गुदमरतो.

यातलं तिला काही कळवू नकोस हो.

अल्ला तुम्हाला सुखी ठेवो.
आई

*

इस्फहान, २९ शहरीवर

चि. मनीजेस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

पंचवीस तारीख गेली, तू आली नाहीस. तुझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाल्याचं तुझे भावजी विचारून आले. सोबत आईचं पत्र पाठवते आहे. ते मला वीस तारखेलाच मिळालं होतं.

आपल्या घरात कळवू नकोस म्हणजे ताबडतोब कळव, हे मी पाळण्यापासून जाणते. पण या वेळी आईचा शब्द अगदी तंतोतंत पाळला, कारण तो माझ्या सोयीचा होता. मागच्या खोलीत सासूबाईंचं सामान छतापर्यंत भरलंय. ये, राहा हे मी म्हणायचं म्हणून म्हटलं. तू खरोखर आलीस तर काय करायचं, या धास्तीनं मला घेरलं होतं. रागाव, पण पत्र टाक.

तुझी, तूबा

*

यज्द, ८ मेहर

तूबाताईस,
सलाम वि. वि.

रागावले नाही. रागावून जायचं कुठे? मेहर महिना लागला, शाळा सुरू झाली. नव्या पोरी, जुने पाढे.

सोमवारी जेवताना आई म्हणाली, पुढच्या वर्षी तरी जा. ताई, हे 'जा' खरं आहे हे मला ठाऊक होतं. तिचं पत्र माझ्या खिशात होतं. हो म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, छे, तुला सोडून मी कशी जाईन! तेहतीस वर्षांची सवय, जिभेनं मला विचारलंही नाही. आता ती पुन्हा म्हणेल म्हणून मी घास हातात धरून थांबले. ती म्हणाली नाही. उभ्या आयुष्यात आईनं माझं नको पहिल्या खेपेला खरं मानलं ते त्या दिवशी.

ताट सारून तिनं कागद ओढला आणि मावशीला लिहिलं, की पोर माझ्यावाचून राहू शकत नाही, मी येत नाही, वाट पाहू नकोस. मला वाचून दाखवलं आणि पाकीट टाकायला माझ्याकडेच दिलं.

टपालपेटी शाळेच्या वाटेवर आहे. चार दिवस मी तिच्यासमोरून जाते आणि येते. आई रोज विचारते, टाकलंस ना? मी हो म्हणते. पाकीट अजून माझ्याकडे आहे. तिला खरं सांगायला रोज दारात उभी राहते, आणि रोज भाजी काय करायची ते विचारते.

लोभ असावा, आणि असला तर सरळ लिहावा.
मनीजे