गिअरचे सगळे दात शाबूत

भाट्ये, रत्नागिरी
११ फेब्रुवारी २०२४

ती. लवूमामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. बडोद्याच्या थंडीत तुम्ही विनीतदादाचा स्वेटर आणि वर मामीची शाल घेऊन बसता, हे वाचून आई दिवसभर हसत होती. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून माझ्यासारख्या आळशाला कागद-पेन घेऊन बसावं लागतं. माझ्या शाळेतल्या बाईंना हे सांगितलं तर खरं वाटणार नाही.

आता कामाचं. तुम्ही विनीतदादाकडे राहायला जाताना मला दिलेली गाडी कुरकुर करायला लागली आहे. गिअर टाकताना खालून करकर आवाज येतो, दातावर दात घासल्यासारखा. परवा स्टेशनवरून एका कुटुंबाला गणपतीपुळ्याला नेलं. तिथे रिव्हर्स टाकला तर असा करकरला की मागच्या बाईंनी कानांवर हात ठेवले. खोड असलेली गाडी भाच्याच्या गळ्यात मारलीत की काय, अशी मला शंका येते आहे.

घाई एवढ्यासाठी, की जूनपासून पावसच्या सहा मुलांना रत्नागिरीच्या शाळेत ने-आण करायचं काम ठरलं आहे. स्टेशनवर ताटकळण्यापेक्षा हे बांधलेलं काम बरं. बाबा गेल्यापासून घर या गाडीवरच चालतं हे तुम्ही जाणता. जूनच्या आत तिचं दुखणं काढायला हवं.

आई, अक्षया मजेत. आरोही आता सहा वर्षांची झाली आणि माझ्या चुका काढायला लागली. मामीला नमस्कार. भाच्यावर माया आहे ती राहू द्या.

आपला,
दर्शन

*

बडोदे
१८ फेब्रुवारी

चि. दर्शन यास,
अनेक आशीर्वाद.

गाडी मी अकरा वर्षं चालवली, कधी हूं की चूं केलं नाही तिने. तेव्हा गळ्यात मारल्याची भाषा नको. गाडी ही सुनेसारखी असते, माणसं बदलली की कुरकुरते, असं तुझी मामी म्हणते. मी म्हणतो, आधी तपासावं.

नीट वाच. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघ. सहज पडले तर आतला दांडा-काटा ठीक आहे. मग इंजिन सुरू करून बघ की एकच गिअर करकरतो की सगळे. एकच असेल तर त्या गिअरची पितळी रिंग झिजली. सगळेच असतील तर क्लच पुरता सुटत नाही, दोष गिअरचा नव्हे. क्लच तळाला टेकवून मनात तीन अंक मोज आणि मग रिव्हर्स टाक. तरी करकरला तर विठूला सांगून क्लचची केबल आणि प्लेट बघून घे. गिअरबॉक्समधलं ऑइलही बघायला सांग. विठू माझ्या हाताखाली शिकलेला आहे, फसवायचा नाही.

आवाज कानाने ऐकू नकोस. तळहात गिअरच्या मुठीवर ठेव, तिथे जास्त कळतं. माझे कान गेल्यावर मी पाच वर्षं तसंच काम केलं. उत्तर सविस्तर लिही, मोबाईलवर लिहितोस तसं अर्धमुर्धं नको. तुझ्या आईला, दमयंतीला सांग, शाल तिचीच आहे, मामीची नव्हे.

तुझा,
लवूमामा

*

भाट्ये
३ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न.

तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात. सुरू असताना पहिला, दुसरा, रिव्हर्स, सगळेच कधी ना कधी करकरतात. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. दुपारभर झाडाखाली उभी करून थंड झालेली गाडीसुद्धा संध्याकाळी करकरते. तीन अंक मोजूनही फरक नाही.

विठूने केबल बदलली, ऑइल बदललं, शेवटी क्लचप्लेट नवी घातली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी गाडी परत नेली. त्याने भाट्याच्या पुलावरून दोन फेऱ्या मारून आणली आणि म्हणाला की गाडीला काय पन झालेलं नाय, एकदासुद्धा करकरली नाय. मामा, माझं डोकंच फिरलं. चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याला चोर म्हणालो. तो हात पुसत आत गेला. तेव्हापासून त्याच्या गॅरेजवरून जाताना मी दुसरीकडे बघतो.

आईने मला यावरून दोन दिवस धारेवर धरलं. अक्षया नुसती बघत राहते. आता तुम्हीच सांगा, नवीन गिअरबॉक्स बघू का? जून जवळ येतो आहे. तुमचा आधार वाटतो म्हणून एवढं लिहिलं.

आपला,
दर्शन

*

बडोदे
१० मार्च

चि. दर्शन यास,
आशीर्वाद.

विठूला चोर म्हणालास हे फार वाईट केलंस. त्याच्याकडे जाऊन माफी माग. यावर मला उत्तर नको.

गिअरबॉक्स घेऊ नकोस. तुझं पत्र मी चारदा वाचलं. थंड गाडी संध्याकाळी जास्त करकरते हे मला पटत नाही. गाडीला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. आणि विठूच्या हातात ती करकरत नाही, हे तू चिडून लिहिलंस, पण तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे.

दोन गोष्टी कर. अक्षयाने लायसन काढलंय आणि तू तिला गाडीला हात लावू देत नाहीस, असं दमयंतीने कळवलं होतं. एका संध्याकाळी तिला पावसपर्यंत गाडी चालवायला दे. तू बाजूला बस आणि शिकवू नकोस. दुसरं, तुझ्या रोजच्या चपला उलट्या करून दोन्हींचे तळ बघ. हसू नकोस. कुठला भाग झिजलाय ते मला लिही. टायर बघून जशी चाकाची खोड कळते, तसंच काहीसं समज.

वेळ लावू नकोस. मी वाट बघतो.

तुझा,
लवूमामा

*

भाट्ये
१९ मार्च

ती. मामांस,
अक्षयाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला मी पहिल्यांदाच लिहिते आहे. ह्यांना ठाऊक नाही. तुमचं पत्र ह्यांनी वाचून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मामा आता म्हातारे झाले, चपला बघायला सांगतात, असं म्हणून हसले. मला मात्र हसू आलं नाही.

रविवारी मी हट्टाने गाडी चालवली. पावसला गेलो आणि परत आलो. मला सराव नाही, दोनदा गाडी बंदसुद्धा पडली, पण गिअर एकदाही करकरला नाही. आरोही मागून म्हणाली की आईच्या हातात गाडी गप्प बसते. हे घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

चपला मीच बघितल्या. गणपतीत घेतलेल्या आहेत. उजवी अजून नव्यासारखी आहे. डावीचा पुढचा भाग इतका झिजला आहे की अंगठ्याखाली भोक पडलंय. मग मला एकेक आठवायला लागलं. दिवाळीपासून हे पायरी चढताना ठेचकाळतात. चालताना डाव्या पायाचा फरफर आवाज येतो. मी पाय उचलून चाला म्हणून चिडवायची. आता त्याची लाज वाटते.

आणखी एक सांगते, ते सासूबाईंना माहीत नाही. गेल्या महिन्यात गाडी सुरू करताना ह्यांचा पाय क्लचवरून सुटला आणि गाडी उडी मारून अंगणाभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यावर आदळली. कुत्रा आडवा आला असं ह्यांनी सगळ्यांना सांगितलं. कुत्रा नव्हता. आरोही त्या गडग्यावर बसून चिंचा खात होती आणि मी तिला केस विंचरायला नुकतीच आत बोलावली होती.

मामा, तुम्हाला काय वाटतंय ते स्पष्ट लिहा. मला भीती वाटते. मोठेपणाने आमच्याकडे लक्ष असू द्या.

आपली,
अक्षया

*

बडोदे
२६ मार्च

चि. दर्शन यास,
आशीर्वाद.

अक्षयाने मला सगळं कळवलं. तिच्यावर रागावशील तर माझ्याशी गाठ आहे.

एक गोष्ट सांगतो, ती मी मामीलाही सांगितलेली नाही. मी तुझ्या वयाचा असताना एका शेठच्या मासळीच्या लॉऱ्यांचं काम बघायचो. सदू नावाचा ड्रायव्हर होता. त्याची लॉरी सारखी गिअर करकरते म्हणून माझ्याकडे यायची. मी तीनदा क्लच खोलला. शेवटी त्याला दुसरी लॉरी दिली, महिन्यात तीही करकरायला लागली. मी शेठला सांगितलं की माणूसच निष्काळजी आहे, पिऊन चालवत असणार. सदू दारूला शिवत नव्हता. शेठने त्याला काढला. दोन वर्षांनी त्याच्या घरावरून जात होतो तर तो ओटीवर खुर्चीत होता आणि बायको त्याला पेज भरवत होती. दोन्ही हात मांडीवर नुसते पडलेले. त्याच्या जुन्या चपला तिथेच कोपऱ्यात होत्या. डावीचा पुढचा भाग पार खाल्लेला. त्याने मला ओळखलं आणि मानेनेच बस म्हणाला. मी बसलो नाही. पुढच्या शिमग्याआधी तो गेला.

लॉरीत मी सगळं तपासलं, माणूस तपासला नाही. तीच चूक तुझ्या बाबतीत करायची नाही म्हणून हे लिहितो. तुझा पाय क्लच तळापर्यंत नेत नाही. तुला वाटतं नेलाय, पण तो अर्ध्यावर थांबतो. दिवसभर चालवून दमला की आणखी वर थांबतो. कोल्हापूरला नसांच्या डॉक्टरकडे जा. माझं चुकलं असेल तर मला हवं ते बोल, मी ऐकून घेईन. ऐकू येत नाही तरी.

तोवर गाडीची चावी अक्षयाकडे दे. ती सहा मुलं तुझ्या गाडीत बसणार नाहीत. दर्शन, मी तुझ्या पाया पडतो.

तुझाच,
लवूमामा

*

भाट्ये
९ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, माफ करा. तुमचं पत्र वाचून मी फार संतापलो होतो. ते मी तीन दिवस अक्षयाला दाखवलं नाही. पण चावी तिच्याकडे दिली.

पुढचं सांगायला लाज वाटते. कोल्हापूरला जायच्या आधी मी विठूकडे गेलो. त्याची माफी मागितली आणि म्हणालो की गिअरबॉक्स खोल. तो नको म्हणाला, उगाच कशाला खोलायचा म्हणाला. मी हटून बसलो. आदल्या दिवशी झरीविनायकाला जाऊन नवस बोललो होतो की एक तरी दात तुटलेला निघू दे. माणसं गाडी नीट निघावी म्हणून नवस बोलतात, मी ती बिघडलेली निघावी म्हणून बोललो.

विठूने सगळं सुटं केलं, डिझेलने धुतलं आणि एकेक गिअर वर्तमानपत्रावर मांडला. मी प्रत्येक दातावरून बोट फिरवलं. रिव्हर्सच्या कडा किंचित खरवडलेल्या होत्या, त्या माझ्याच पायाने. बाकी सगळे दात शाबूत. पितळी रिंगाही चांगल्या. मी तिथेच स्टुलावर बसून रडलो. विठूने शटर अर्धं खाली ओढलं आणि माझ्या शेजारी बसून राहिला. माझा त्याच्यावर काय हक्क होता?

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सुया टोचून तपासलं, मग मुंबईला पाठवलं. तिथेही तेच सांगितलं. स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. आजाराने आता डावा हातही धरला आहे. गोळ्या आहेत, त्या थोडं लांबवतात, बरं करत नाहीत. किती वर्षं ते मी विचारलं. डॉक्टर म्हणाले की तीन, कदाचित पाच. अक्षयाला सगळं माहीत आहे. आईला नस दबली आहे एवढंच सांगितलंय. तुम्ही तिला लिहाल तेव्हा तसंच लिहा. आरोही दहावीला जाईपर्यंत मी असेन, असं तिच्याशी बोलताना वागतो. सदूबद्दल तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. त्याच्यामुळे मी वेळेत थांबलो. ती सहा मुलं माझ्या गाडीत बसली असती तर काय झालं असतं, ते डोळे मिटले की दिसतं.

मुलांचं काम हातचं गेलं नाही. अक्षया चालवणार म्हटल्यावर त्यांच्या घरच्यांनी दोनदा तिच्या शेजारी बसून बघितलं आणि होकार दिला. पंधरा तारखेला शाळा उघडते. सध्या ती रोज सकाळी पावसपर्यंत सराव करते आणि मी बाजूला बसतो. गाडी एकदम शांत चालते. ती गिअर बदलताना क्लच दाबते तेव्हा माझाही पाय दाबायला जातो. गेला असं मला अगदी वाटतं. मग मी खाली बघतो, तर तो जागचा हललेला नसतो.

प्रवास झेपत असेल तर एकदा येऊन जा. माया करायची ती समोर बसून करा.

आपला,
दर्शन